आधी प्लग बघा

मी एक हीटर बोलतोय. कुवेतमध्ये हीटर म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं असेल, तर तुमचा दोष नाही. जिथे जुलैत नळाच्या गार पाण्यानेही हात पोळतात, तिथे हीटर कोण कशाला घेईल, असं परभणीच्या अप्पांनाही वाटलं होतं. म्हणूनच ते जानेवारीत मलमलचे सहा सदरे आणि एक टोपी एवढ्यावर इथे उतरले. वाळवंटातली थंडी काय असते ते त्यांना विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच समजलं, आणि दुसऱ्याच दिवशी मला विकत आणलं गेलं. माझी नोकरी ही अशी अप्पांच्या सदऱ्यांची कृपा आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे. एरवी ते कोणी वाचत नाही, पण मी बंद पडलो की सगळ्यांना त्या देशाची आठवण येते. मला नऊ पाती, खाली चार चाकं आणि पोटात तेल आहे. ते जळत नाही आणि संपतही नाही, आतल्या आत तापतं आणि मला तापवतं. या तेलाच्या देशात मी तेल मात्र परदेशातून भरून आलो. एगैलाच्या मॉलमध्ये माझ्या शेजारी पंखे उभे होते. आपल्याला इथे दहा महिने काम असतं, असं सांगून ते मला खिजवायचे.

मंगफमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझा संसार सुरू झाला. घरातली रेखा एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिची मुलगी अक्षदा नववीत शिकते. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. अप्पा म्हणजे रेखाचे वडील, व्हिजिट व्हिसावर आलेले. आणि घराचे मालक दिनकरराव, म्हणजे रेखाचे यजमान, मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर आहेत.

दिनकररावांचं काम भट्ट्यांचं. दोन-दोन मजली भट्ट्या असतात म्हणे तिथे, आणि त्यांच्यात विजेचा बिघाड झाला की तो शोधायचा दिनकररावांनी. हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं, कारण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते कळवलं जातं. बिघाड कसा शोधावा याची एक यादी त्यांनी स्वतः तयार केली आहे. तिचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये असतो आणि चहाबरोबर दाखवला जातो. यादीतली पहिली ओळ अशी आहे: काहीही उघडण्याआधी वीज कुठपर्यंत पोचते ते बाहेरून बघा. ही ओळ लक्षात ठेवा. त्यांच्या स्वतःच्या ती राहिली नाही.

आता अप्पा. अप्पा वीजमंडळातले निवृत्त वायरमन. चौतीस वर्षं जिंतूरच्या बाजूला खांबांवर चढले आणि उतरले. त्यांना दोन दुखणी होती. एक छातीचं. थंडी लागली की श्वास भरून येई आणि रात्र बसून काढावी लागे. खोली उबदार राहिलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी रेखाला बजावून सांगितलं होतं. दुसरं दुखणं रीतीभातीचं. जावयाच्या घरी तोंड उघडायचं नाही, वाढलेल्या पानाला आणि बोललेल्या शब्दाला नाव ठेवायचं नाही, ही त्यांची लहानपणापासूनची शिकवण. न पटणारं काही घडलंच, तर अप्पा फक्त खाकरायचे.

पण छातीच्या माणसाचं खाकरणं कोण मत म्हणून ऐकतो? दिनकरराव जेवताना सरकार कसं चालवावं ते सांगू लागले की अप्पा खाकरत, आणि रेखा औषधाची बाटली घेऊन येई. "छाती भरलेली दिसते, अप्पा," म्हणून दोन चमचे तोंडात. पहिल्या आठवड्यात अप्पांची चार मतं झाली आणि अर्धी बाटली संपली.

माझी जागा अप्पांच्या पलंगाशेजारी, भिंतीतल्या सॉकेटजवळ. इथले प्लग तुमच्या गावाकडच्यासारखे नसतात. त्यांचे पाय चपटे, चौकोनी आणि अंग जाड असतं. त्या अंगात एक फ्यूज असतो, खडूच्या तुकड्याएवढा, पांढरा. काही वावगं झालं, फार तापलं, की तो आधी मरतो आणि आपल्याला वाचवतो. आपल्याकडच्या प्लगात असला राखणदार नसतो. त्यामुळे आपला माणूस इथे वीस वर्षं राहिला, दोन गाड्या बदलल्या, तरी प्लगच्या पोटात काही असतं हे त्याच्या गावी नसतं.

आणि इथल्या सॉकेटची दुसरी खोड अशी, की वरच्या भोकात काही गेल्याशिवाय खालच्या दोन भोकांची झापडं उघडत नाहीत. लहान मुलांनी बोटं घालू नयेत म्हणून ही सोय आहे. आपल्या माणसाला सोय दिसली की तो आधी तिच्यावर उपाय शोधतो. भारतातून आणलेल्या दोन गोल पायांच्या वस्तू इथे बसत नाहीत, म्हणून वरच्या भोकात पेन खुपसायचं, झापडं उघडायची आणि गोल पाय खाली दाबून बसवायचे. आमच्याकडे खिडकीच्या कठड्यावर असं एक निळं पेन खास ठेवलेलं होतं. त्याने आयुष्यात कधी अक्षर लिहिलं नसावं. दिनकररावांचं दाढीचं यंत्र रोज सकाळी अप्पांच्या खोलीतल्या त्याच सॉकेटात जाई, कारण तिथला उजेड त्यांच्या दाढीला मानवतो.

गोल पायांनी सॉकेटच्या आतल्या पट्ट्या फाकल्या. मग माझा प्लग तिथे सैल बसू लागला, आणि सैल बसलेला प्लग तापतो. मी आत ठणठणीत होतो, पण माझ्या शेपटाचं टोक रोज भाजत होतं. हे घरात एकाच माणसाला कळलं. अप्पांनी तिसऱ्या दिवशी प्लगला हात लावून पाहिला, तोही उलटा, जुन्या वायरमनच्या सवयीने. त्यांनी कठड्यावरचं पेन उचललं आणि अक्षदाच्या दप्तरात टाकलं. दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी पेनासाठी घर डोक्यावर घेतलं आणि दुसरं आणलं. अप्पा खाकरले. रेखाने दोन चमचे पाजले.

मग एका शुक्रवारी सकाळी फ्यूजने जीव सोडला आणि मी गार पडलो.

सुट्टीचा दिवस, घरात इंजिनिअर. रेखा म्हणाली, "अहो, गफूरभाईंना बोलावू या का?" गफूरभाई श्रीवर्धनकडचे, शिक्षण नववी, तीन गल्ल्या पलीकडे त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात दिनकररावांनी चार तास खोलून ठेवलेला एसी त्यांनी बाहेरचा एक खटका वर करून सुरू केला होता आणि वर हसले होते. एसीचा उपकार दिनकरराव विसरले होते, हसणं विसरले नव्हते. रोज दोन मजली भट्ट्या बघणाऱ्याने एवढ्याशा हीटरसाठी दुकानदार बोलवायचा का, असं त्यांनी विचारलं आणि मला जेवणाच्या टेबलावर आडवं केलं.

माझी जी शोभा झाली ती सांगायला मला लाज वाटते. माझं झाकण काढलं, तारा सोडवल्या, थर्मोस्टॅट उपटला. मीटर लावून एकेक तपासलं. तारा बऱ्या, थर्मोस्टॅट बरा, आतली कॉइल बरी. तासाभराने दिनकररावांनी निष्कर्ष काढला: आत सगळं बरोबर आहे, म्हणजे बिघाड आतच कुठेतरी लपलेला आहे. सॉकेटबद्दल शंका नको म्हणून त्यात पेन खुपसून दाढीचं यंत्र चालवून दाखवलं. ते गुरगुरलं. सॉकेट निर्दोष सुटला, मी अडकलो. या गडबडीत माझा एक स्क्रू पोह्यांच्या बशीत गेला, तो अजून सापडलेला नाही.

मग माझा उघडा फोटो मंगफच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेला. अकरा जणांनी अकरा रोग सांगितले. एकाने तेल बदलायला सांगितलं, एकाने मला उलटं करून थोपटायला, आणि एकाने सुप्रभातचं फूल पाठवलं. फिंतासच्या अभिजीतने मात्र एवढंच लिहिलं, 'प्लगमधला फ्यूज बघितला का?' दिनकररावांनी ते वाचलं, मोबाइल पालथा ठेवला, दोन मिनिटं विचारात पडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मला वाटतं, प्लगमध्ये फ्यूज असावा." अक्षदाने मोबाइल सुलटा करून पाहिला. "बाबा, अंकल सेड दॅट," ती म्हणाली. तिला अभ्यासाला पाठवण्यात आलं.

प्लग उघडला. फ्यूज मेलेला निघाला. कोणत्याही बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, नवा मिळतो. पण शुक्रवारची दुपार, जुम्म्याची वेळ. खालचा बकाला बंद, गफूरभाईंचं दुकानही बंद. नमाज होऊन दुकानं उघडायला तासभर होता. दोन मजली भट्ट्या थंड होण्याची वाट बघायला दिनकररावांना जमतं. घरी तासभर जमलं नाही. ते फ्रीजकडे गेले, भारतात न्यायला साठवलेल्या चॉकलेटांतलं एक सोललं, अक्षदाला खाऊ घातलं, आणि त्याचा चंदेरी कागद मेलेल्या फ्यूजभोवती गुंडाळून तो परत प्लगात बसवला.

"तात्पुरतं आहे," ते म्हणाले. मराठी माणसाने हा शब्द उच्चारला की ती व्यवस्था आपल्या हयातीत बदलणार नाही, हे मी तेव्हा शिकलो.

अप्पा दारात उभे होते. ते एकदा खाकरले, दोनदा खाकरले, तिसऱ्यांदा इतके मोठ्याने की रेखा स्वयंपाकघरातून बाटली घेऊन धावली. तेवढ्यात अप्पांनी आयुष्यातला नियम अर्धा मोडला. ते म्हणाले, "आमच्याकडं खेड्यात लोक फ्यूजला असंच जाड तार बांधायचे."

"तेच तत्त्व, अप्पा," दिनकरराव खूश होऊन म्हणाले.

पुढचं वाक्य 'आन् मग घरं जळायची' असं होतं. ते अप्पांच्या तोंडात होतं, पण तिथे आता चमचा होता.

मी सुरू झालो. रेखाने शिरा केला. ग्रुपवर विजयाची बातमी गेली, अभिजीतचं नाव न घेता. सासऱ्या-जावयाचं कधी नव्हे ते एकमत झालं, असं सगळ्यांना वाटलं. मी मात्र तापता तापता मनातून गार पडलो होतो. माझा राखणदार मेला होता आणि त्याच्या प्रेताला चांदीचा वर्ख लावून पहाऱ्यावर उभं केलं होतं. आता सैल सॉकेट कितीही तापला तरी कोणी मरणार नव्हतं, म्हणजे प्लगातलं कोणी. पलंगावर एक म्हातारा माणूस दिवसभर एकटा असायचा, आणि त्याची गोधडी त्या प्लगापासून वीतभर अंतरावर लोंबायची. मला ओरडता आलं असतं तर मी इमारत गोळा केली असती.

अकरा दिवस गेले. जुम्म्याची नमाज केव्हाच संपली, दुकानं अकरा वेळा उघडली. कोणाला आठवण झाली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घरात अप्पा आणि मी दोघेच होतो. रेखा क्लिनिकला, अक्षदा शाळेत, दिनकरराव आपल्या भट्ट्यांपाशी. अप्पा पेपर वाचता वाचता पेंगले होते. प्लगचं प्लॅस्टिक आधी मऊ झालं, मग ओघळलं, मग गोधडीचा कोपरा काळा पडून धुमसू लागला. धूर दिसायच्या आधी अप्पांच्या नाकाला वास गेला. तो वास चौतीस वर्षं त्या नाकात राहिलेला होता.

म्हातारा उठला तो थेट स्वयंपाकघरात पळाला. मेन स्विच तिथल्या दारामागे, त्याच्यापुढे तांदळाच्या दोन गोण्या. खटक्यांवरची नावं अरबीत. अप्पांनी वाचत बसण्यात वेळ घालवला नाही, गोण्या लोटल्या आणि मोठा खटका खाली ओढला. मग परत आले, पेटलेली गोधडी हाताने ओढून न्हाणीघरात टाकली आणि तिच्यावर बादली उपडी केली. ओढताना वितळलेलं प्लॅस्टिक त्यांच्या उजव्या तळहाताला चिकटलं. ते धापा टाकत माझ्याशेजारी जमिनीवर बसले. थंड फरशी, दारं-खिडक्या उघड्या, श्वास पुरत नाही. मी अजून जरासा कोमट होतो. त्यांनी माझ्या पात्यांना पाठ टेकली, आणि रेखा येईपर्यंत मी जेवढी होती तेवढी ऊब त्यांना दिली. माझ्या आयुष्यातलं खरं काम मी तेवढंच केलं असं मला वाटतं.

संध्याकाळी दिनकररावांनी चौकशी केली. चौकशी लवकर आटोपली, कारण आरोपी ठरलेला होता. त्यांनी मला पाठमोरं करून माझ्या जन्माचा देश मोठ्याने वाचला, "म्हटलं नव्हतं, या मालाचा भरवसा नाही?" असं सगळ्यांना विचारलं आणि मला लिफ्टने खाली नेऊन कचऱ्याच्या मोठ्या पेटीशेजारी उभं केलं. प्लगच्या गोळ्यासकट.

दुसऱ्या दिवशी रेखाने कोणाला न विचारता गफूरभाईंना फोन केला. ते संध्याकाळी येताना पेटीपाशी थांबले, माझ्या शेपटाचं जळकं टोक हातात घेऊन हुंगलं आणि मला उचलून वर घेऊन आले. कागद अंथरून त्यांनी तो प्लग पकडीने फोडला. माझ्या तारेचं टोक कापून नवा प्लग बसवला, खिशातून नवा फ्यूज काढून त्यात घातला आणि मला बैठकीतल्या सॉकेटला लावलं. मी पाच मिनिटांत तापलो.

"हिटरला काय नाय झालेला," गफूरभाई म्हणाले. "आधी प्लग बघायचा, मग सॉकेट. हिटर मागनं." ही दिनकररावांच्या यादीतली पहिली ओळ होती. गफूरभाईंनी यादी वाचलेली नव्हती. मग त्यांनी जळक्या गोळ्यातून चिमटीने काहीतरी चकचकीत बाहेर काढलं. "ह्यो चांदीचा कागद कोणी घातला?"

अक्षदाने बापाकडे पाहिलं. दिनकरराव म्हणाले, "आमचे सासरे जुने वायरमन आहेत. त्यांच्याकडे खेड्यात तशीच पद्धत होती, तेच सांगत होते."

अप्पा खाकरले. रेखा सवयीने बाटली घेऊन आली. अप्पांनी पट्टी बांधलेला हात वर केला.

"बस गं," ते म्हणाले. "मला छातीचं काही झालं नाही. जावईबापू, कागद तुम्ही घातला. मी बघत होतो. चौतीस वर्षं गावोगाव सांगत हिंडलो, बाबांनो, फ्यूजला तार बांधू नका, घर जळंल. आन् लेकीच्या घरी आलो तर गप बसलो. माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी आहे. पण कागद तुमचा आहे."

दिनकररावांचा चेहरा उतरला. ते काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. रेखा बराच वेळ हातातल्या बाटलीकडे बघत होती. इतके दिवस आपण बापाला काय पाजत होतो, ते तिला बहुधा तेव्हा समजलं. गफूरभाईंनी नवा सॉकेट बसवला, जुना सगळ्यांना दाखवला, आत पेनाची निळी शाई लागलेली होती. मग त्यांनी दोन गोल पायांसाठीचा एक अडॅप्टर काढून दिनकररावांच्या हातात ठेवला. या वेळी ते हसले नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. दिनकरराव सकाळी दाढीचं यंत्र घेऊन येत, हात कठड्यावरच्या पेनाकडे जाई, अप्पा पलंगावरून नुसते खाकरत, आणि हात अडॅप्टरकडे वळे. औषध कोणी आणत नसे. अप्पांनी अक्षदाला प्लग उघडायला शिकवलं. "आजोबा, धिस इज सो इझी," ती म्हणाली. आपल्या लोकांना सोपंच अवघड जातं, असं अप्पांनी तिला सांगितलं.

फेब्रुवारी संपता संपता व्हिसा संपला आणि अप्पा परभणीला गेले. जाताना त्यांनी डाव्या हाताने माझ्या पात्यावर थाप मारली, बैलाला मारतात तशी. आता मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलंय. डिसेंबरपर्यंत माझा मुक्काम इथेच. इथून खिडकी दिसते, सॉकेट दिसतो आणि कठडाही दिसतो.

काल सकाळी दिनकरराव दाढीचं यंत्र घेऊन आले. अडॅप्टर बॅगांच्या खणात गेलाय, तो काढायला दोन मिनिटं लागली असती. कठड्यावर पेन होतं. त्यांनी ते उचललं आणि क्षणभर थांबून रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. ते कोणाची तरी वाट बघत होते, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. घरात कोणी खाकरलं नाही.

मला तेल आहे, पाती आहेत, चाकं आहेत. घसा नाही. तुम्हाला आहे. तेव्हा लेकीच्या घरी असा, जावयाच्या असा नाहीतर साहेबाच्या, चंदेरी कागद दिसला तर खाकरू नका, बोला. खाकरणाऱ्याला लोक औषध पाजतात.

दिनकररावांनी पेन आत खुपसलं.